एक सळई कमी

दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तात्या शेळीची धार काढत होते. शेळी उधळली, तांब्या लवंडला आणि घरात काहीतरी खळकन फुटलं. सांडलेल्या दुधाकडे तात्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर हात टेकून उठायला जेवढा वेळ लागला तेवढाच, मग तडक आत गेले. दाराजवळच्या भिंतीला छपरापासून खाली हातभर भेग गेली होती आणि भेगेखाली तसबीर पालथी पडली होती. ती कुठल्या देवाची नव्हती, बायकोचीही नव्हती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला दाखला तात्यांनी काचेत बसवून घेतला होता. ती काच फुटली होती.

"लागलं नाही ना?" सून मागच्या दारातून धावत आली. पाण्याची घागर तिच्या कमरेवर तशीच होती.

"दाखल्याला लागलं," तात्या म्हणाले.

सुनेला हसू आलं नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि भेगेत बोट घातलं. बोट पेरभर आत गेलं.

घर वस्तीपासून लांब, एकटंच होतं. समोर खोल घळ, घळीच्या पलीकडे दगडी टेकडी. त्या टेकडीवर खाणवाल्यानं महिन्यापूर्वी लाल रंगानं खुणा केल्या होत्या आणि हे दोन सुरुंग नुसते चाचणीचे होते. परवाना मिळाला की रोज चार उडणार होते. तात्यांचा मुलगा दूर शहरात कामाला होता, दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. उरले सासरा आणि सून. त्यांच्यात दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं व्हायची आणि त्यातली सहा शेळ्यांबद्दल असायची. भांडण नव्हतं, बोलायला काही नव्हतं एवढंच.

दोन दिवसांनी मोजणीदार आला. तिशीचा, नीटनेटका, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडादगडावर पाय ठेवत आलेला. सोबत खाणवाला होता. मोजणीदारानं बाजेवर नकाशा पसरला. कडा गुंडाळल्या जायला लागल्या तशा तात्यांनी न सांगता चारी कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

"सवय दिसते," मोजणीदार म्हणाला.

"तीस वर्षं साखळी धरलीय मोजणीत. हा नकाशा आमच्या साहेबांचा. हे अक्षर त्यांचं."

"असं? मग तुम्हाला काय सांगायचं!" त्यानं मोजपट्टी काढली, एक टोक घराच्या चौकोनावर ठेवलं, दुसरं टेकडीवरच्या लाल रेघेवर. "एकवीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर. एका सेंटिमीटरला दहा मीटर. म्हणजे दोनशे चौदा. घरापासून दोनशेच्या आत खाण नको, असा नियम आहे. ही चौदा मीटर बाहेर आहे."

खाणवाल्यानं रुमालानं मान पुसली. "तात्या, मी काही तुमच्या छातीवर खाण काढत नाही. नियमात बसतंय तेच करतोय."

"आणि ही भेग?" सून दारातून म्हणाली. "ही नियमात बसते का?"

मोजणीदार ओशाळला. "वहिनी, भेग माझ्या अखत्यारीत नाही. माझ्याकडे फक्त अंतर."

तात्या नकाशावरच्या घराच्या चौकोनाकडे बघत होते. दोनशे चौदा वजा तीस, एकशे चौऱ्याऐंशी. हा हिशोब करायला त्यांना मोजपट्टी लागत नव्हती. तो चौकोन एक अख्खी साखळी चुकीच्या जागी होता, हे साऱ्या जगात एकट्या तात्यांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. अडतीस वर्षांपूर्वी साहेब या भागाची मोजणी करत होते. साखळी तीस मीटरची. पुढचा माणूस साखळी ताणायचा आणि टोकाशी लोखंडाची सळई रोवायचा. हातभर लांब, वरच्या टोकाला कडं असलेली. मागचा माणूस तिथवर आला की ती उपटून हातात घ्यायचा. मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितक्या साखळ्या झाल्या. जुडीत सळया दहा. दहा झाल्या की साहेब वहीत एक खूण करायचे आणि जुडी पुन्हा पुढे जायची. मागचा माणूस म्हणजे तात्या. त्या दिवशी हद्दीच्या दगडापासून निघालेली रेघ तात्यांच्याच नव्या घराशी संपायची होती आणि घरात तात्यांची बायको सकाळपासून अडली होती. सुईण होती, तरी तात्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटच्या टप्प्यात घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि तात्या धावले. उंच गवतातली एक सळई उपटायची राहून गेली. सोळा साखळ्यांच्या पंधरा झाल्या. नकाशावर घर हद्दीच्या दगडाकडे तीस मीटर सरकलं, म्हणजे टेकडीपासून तीस मीटर लांब गेलं. टेकडी दुसऱ्या बाजूनं मोजलेली होती. ती होती तिथंच राहिली.

त्या संध्याकाळी जुडी बांधताना तात्यांना नऊच सळया दिसल्या. एक सळई हरवणं म्हणजे दिवसभराचं सगळं मोजमाप संशयात. नोकरी नवी, घरात बाळंतीण. पहाटे उठून त्यांनी लोहाराकडून एक नवी करून घेतली आणि जुडीत सारली. दहाच्या दहा. कुणी काही विचारलं नाही. दोन महिन्यांनी बायको गवत कापत होती, तेव्हा विळ्याला सळई लागली. तोवर नकाशा वरच्या कचेरीत जाऊन पोचला होता. तिनं सळई नवऱ्यापुढे धरली, त्याचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता दाराच्या कोयंड्यात अडकवून टाकली. अडतीस वर्षं या घराचं दार त्याच सळईनं लागत होतं.

आणि भिंतीवर त्या दाराशेजारीच दाखला: 'यांनी माझ्या हाताखाली तीस वर्षे साखळी धरली. या काळात एकही सळई हरवली नाही.'

मोजणीदार गेल्यावर सून म्हणाली, "काल यांच्याशी बोलले मी. म्हणतात, दोघंही निघून या. खोली लहान आहे, पण होईल."

"मी काय करू तिथं?"

"इथं काय करता?"

"शेळ्या आहेत," ते म्हणाले.

"शेळ्या विकता येतात. छपर अंगावर पडलं की काही विकता येत नाही. परवाना झाला तर मी जाणार तात्या, आधीच सांगून ठेवते. मागाहून म्हणाल, न सांगता गेली."

पुढचे चार दिवस दोघांनी भिंत लिंपली. सून घळीतून माती आणायची, तात्या तुडवायचे. थंड चिखलात पाय पोटऱ्यांपर्यंत जायचे आणि बाहेर काढताना गुडघ्यात कळ यायची. सून भेगेत खडे ठासायची, वरून चिखल थापायची, ओल्या तळव्यानं सारखा करायची. चौथ्या दिवशी लिंपण वाळलं आणि भेग होती तिथंच पुन्हा केसाएवढी उघडली. सुनेनं ती पाहिली, हात धुतले आणि बाजेखालची ट्रंक ओढून पुसायला घेतली. तात्या अंगणात जाऊन बसले. ट्रंकेचं झाकण आत दोनदा वाजलं.

ही गेली की घरात आवाज कुणाचा, हे तात्यांच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आलं. बायको गेल्यापासून ते एकटे आहेत असंच ते समजून चालले होते. पण सकाळी चूल पेटल्याचा आवाज होता, घागर ठेवल्याचा होता, शेळ्यांना घातलेल्या शिव्या होत्या. खरं एकटेपण अजून यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, दाखला फडक्यात गुंडाळला आणि दूधगाडीत बसून कचेरी गाठली. दाखला बघून तरी आपलं ऐकतील असं त्यांना वाटत होतं. कारकुनानं पाण्याच्या माठाशेजारी बसवलं. जो तो येऊन पाणी प्यायचा आणि तात्यांना पाय आवरायला लागायचे. दोन तासांनी मोजणीदारानं हाक मारली.

"नकाशावर नको," तात्या म्हणाले. "हद्दीच्या दगडापासून घरापर्यंत जमिनीवर मोजा."

"मोजतो की. पण तात्या, नकाशावर शंका आहे असं कारण लागतं. नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला वाटतं म्हणून मोजा. काय लिहू?"

तात्यांनी उत्तरादाखल दाखला पुढे केला. कारकुनानं तो मधेच घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला. "'एकही सळई हरवली नाही.' वा! अहो, मग नकाशा चुकेल कसा? तुमच्याच दाखल्यानं तुमचा अर्ज बाद!"

टेबलामागची दोघं-तिघं हसली. वाईट मनानं नव्हे, काम सोडून हसायला मिळालं म्हणून. मोजणीदार हसला नाही. "काही माहीत असेल तर सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. तात्यांचे ओठ हलले. पण खोलीत सहा माणसं होती आणि त्यातल्या एकाच्या हातात साहेबांचं अक्षर होतं. त्यांनी दाखला परत घेतला, फडक्यात गुंडाळला आणि बाहेर पडले.

येताना ते साहेबांच्या घरावरून आले. साहेब आणि तात्या एकाच महिन्यात निवृत्त झाले होते. त्यानंतर साहेब जाईपर्यंत चार वर्षं, दर महिन्याला एक दिवस तात्या त्या ओसरीवर जाऊन बसायचे. साहेब खुर्चीत, तात्या पायरीवर. चहा व्हायचा. सांगून टाकावं असं तात्यांना दर वेळी वाटायचं आणि दर वेळी चहा संपायचा. नोकरीत असताना साहेब कधीमधी जुडी हातात घ्यायचे आणि त्यातली एक सळई फिरवत म्हणायचे, "ही एवढी कशी रे नवीकोरी?" तात्या म्हणायचे, "पुसतो ना साहेब रोज." साहेब हसायचे. आता ओसरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. जो माफ करू शकला असता तोच राहिला नव्हता.

"काय म्हणाले?" सुनेनं विचारलं.

"कारण मागतात."

"मग आहे का कारण?"

तात्या शेळ्यांना पाला टाकायला गेले. सून त्यांच्या मागोमाग आली. "परवा सकाळच्या गाडीनं निघते मी," ती म्हणाली. "तुम्ही येणार नसाल तर पीठ-मीठ महिनाभराचं भरून ठेवते."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच डबे भरले. कुठला डबा कशाचा हे सासऱ्याला कळावं म्हणून प्रत्येकाच्या झाकणावर त्यातलीच चिमूट ठेवली. तात्या बाजेवरून बघत होते. सगळे डबे झाल्यावर तिनं उरलेल्या कापडाची चुंबळ केली आणि भेगेच्या तोंडाशी कोंबली, वारा येऊ नये म्हणून. निघालेल्या बाईनं असं करावं हे तात्यांना सहन झालं नाही. ते उठले, दाराशी गेले आणि कोयंड्यातली सळई उपटली. दार किरकिरत आपोआप उघडलं.

"आता ती कशाला काढली?" सून म्हणाली.

"हेच कारण आहे," तात्या म्हणाले आणि तिथंच उंबऱ्यावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे नाही, सळईकडे बघत होते. सून मधे एकदाच बोलली, "म्हणजे हे जन्मले त्या दिवशी?" तात्यांनी मान हलवली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायांत चपला घातल्या. "चला. मी येते बरोबर. त्या कारकुनाला हसू दे आता माझ्यासमोर."

कचेरीत त्या दिवशीही माणसं होतीच. तात्यांनी सळई टेबलावर ठेवली. ठेवायला गेले हळू, पण लोखंड ते, वाजलंच. "नकाशा चुकला तो माझ्यामुळे," ते म्हणाले. "सळई माझ्याकडून राहिली. साहेबांची चूक नाही, तेवढं लिहा." मग सगळं सांगितलं. कारकून हसला नाही. सून त्याच्या टेबलासमोरच उभी होती.

मोजणीदारानं कपाटातून साहेबांची त्या वर्षाची मोजणीची वही काढवली. धूळ झटकून पानं उलटली. हद्दीचा दगड, रेघ, पंधरा साखळ्या, घर. त्याचं बोट पानाच्या कडेला थांबलं. त्यानं ते मनात वाचलं आणि तात्यांकडे पाहिलं.

"काय आहे?" सून म्हणाली.

मोजणीदारानं वाचून दाखवलं. "'संध्याकाळी जुडीत एक सळई कमी. साखळीवाल्याला आज मुलगा झाला. उद्या विचारणे.'"

"पुढे?" तात्या म्हणाले.

"पुढे नाही काही. पुढच्या पानावर दुसऱ्या दिवसाचं काम आहे."

तात्यांनी वही मागून घेतली. चष्मा आणला नव्हता, पण अक्षर ओळखायला चष्मा लागत नव्हता. ते त्या ओळीवरून अंगठा फिरवत राहिले. साहेबांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ठाऊक होतं, नवीकोरी सळई हातात फिरवताना ठाऊक होतं, दाखला लिहितानाही ठाऊक होतं. ओसरीवर, चहाच्या वेळी, दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. तात्यांना खूप रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. कारकून उठून माठातलं पाणी घेऊन आला.

मोजणी दोन दिवसांनी झाली. मोजणीदारानं तीस मीटरची टेप आणली होती, पण सळयांसाठी मात्र कचेरीच्या जुन्या खोलीतून तीच जुडी शोधून आणली होती. "मागचं टोक तुम्हीच धरा," तो म्हणाला. खाणवाला गाडीला टेकून बघत होता. पुढे मोजणीदार, मागे तात्या. हद्दीच्या दगडापासून निघाले. वाकून सळई उपटायची, हातात घ्यायची, पुढे चालायचं. दहा झाल्यावर खूण केली आणि जुडी पुढे दिली. मग पुन्हा एक, दोन. चौथीला कमरेत उसण भरली, तरी तात्या थांबले नाहीत. घर जवळ आलं. दारात सून उभी होती. पाचवी सळई उपटल्यावर तात्या जागीच उभे राहिले आणि त्यांनी आजूबाजूचं गवत पायानं बाजूला केलं. मग सावकाश चालत पुढे गेले, सहावी उपटली आणि भिंतीला हात लावला.

"सोळा," ते म्हणाले.

"सोळा," मोजणीदार म्हणाला. त्यानं नकाशा पुन्हा बाजेवर पसरला आणि शिसपेन्सिलीनं घराचा चौकोन तीन सेंटिमीटर टेकडीकडे काढला. मोजपट्टी लावली. अठरा सेंटिमीटर, चार मिलिमीटर. खाणवाल्यानं स्वतः वाकून बघितलं. "म्हणजे टेकडीच्या पलीकडच्या अंगाला जायचं म्हणा," तो पुटपुटला आणि गाडीत जाऊन बसला. दारातली सळई मोजणीदारानं फायलीसाठी मागून घेतली. तात्यांनी ती सदऱ्याला पुसून दिली.

सगळे गेल्यावर सुनेनं ट्रंक पायानं बाजेखाली सारली. दार वाऱ्यानं आपटत होतं. तिनं फोन लावला. "येताना दाराला कडी आणा एक, चांगली जाड," ती म्हणाली. "नाही, मी नाही येत. तुम्ही या. चार दिवस काढून या, तात्यांना तुमच्याशी बोलायचंय."

बाजेवर बिनकाचेचा दाखला पडला होता. तो पुन्हा लावायचा की नाही हे तात्यांचं ठरत नव्हतं. सून शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत ती अशी शेजारी कधी बसली नव्हती.

"साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं असतं," ती म्हणाली, "तर सांगितलं असतं का हो तुम्ही?"

तात्यांनी घळीपलीकडे पाहिलं.

"वाटच बघत होतो गं," ते म्हणाले. "अडतीस वर्षं."

सुनेनं उठून दाराला पाट लावला आणि चहाचं आधण ठेवलं.